फाईल आता त्याच्या हाती द्या

या आठवड्याचे पत्र नाशिक जिल्ह्यातील एका आईचे आहे. पत्र चार पानी असल्यामुळे त्याचा गोषवारा देते. त्यांचा मुलगा साडेअठरा वर्षांचा असून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. आठवीत असताना त्याला वाचनाची आणि लेखनाची अध्ययन अक्षमता, म्हणजे डिसलेक्सिया व डिसग्राफिया, असल्याचे निदान झाले आणि त्याच वेळी डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्यातील अडचण व चंचलता, असल्याचेही सांगितले. दहावी त्याने मराठी माध्यमातून, वाढीव वेळ घेऊन, ७२ टक्क्यांनी पूर्ण केली; बारावीला ५६ टक्के मिळाले; कॉलेजच्या पहिल्याच सत्रात तीन विषय राहिले. आईने कॉलेजच्या कार्यालयात चौकशी केली तेव्हा "त्या सवलती बोर्डाच्या होत्या, इथे तसे काही नसते" असे उत्तर मिळाले. इंग्रजीच्या एका तासाला त्याला उभे करून उतारा वाचायला लावला, वर्ग हसला आणि तेव्हापासून तो त्या तासाला बसत नाही. मला कोणतीही सवलत नको, मित्रांना कळले तर तोंड दाखवता येणार नाही, असे तो म्हणतो. आईचे प्रश्न तीन आहेत: कॉलेजात खरोखर काही मदत मिळते का, ती घेणे म्हणजे इतर मुलांवर अन्याय होतो का, आणि मुलाला विज्ञान शाखेतून काढावे का. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "मोबाईलवर तीन तास बसतो, मग पुस्तकावर वीस मिनिटे का बसत नाही, हे मला आजवर कोणी समजावून सांगितले नाही."

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण घरातली निम्मी भांडणे तिथूनच होत असणार. या मुलांकडे लक्ष नसते असे नाही. ते हवे तिथे नेणे आणि नेल्यावर तिथे टिकवणे त्यांना अवघड जाते. मोबाईलवर दर काही सेकंदांनी नवे काहीतरी समोर येते, त्याचे सुख तिथल्या तिथे मिळते आणि लक्ष आपोआप ओढले जाते. रसायनशास्त्राच्या धड्याचे फळ तीन महिन्यांनी गुणपत्रिकेत दिसायचे असते आणि तोवर मनाला स्वतःच्या बळावर बसवून ठेवावे लागते. तुमच्या मुलाला नेमके हेच बळ कमी पडते. त्यात समोरचे पान वाचणे हेच त्याच्यासाठी इतरांपेक्षा कितीतरी अधिक कष्टाचे असेल, तर वीस मिनिटांनी तो उठतो यात आळस शोधू नये. वीस मिनिटे तो बसतो, ही मला त्याच्या जिद्दीची खूण वाटते.

हे कष्ट कसे असतात ते मी एकदा अगदी जवळून पाहिले आहे. मी कॉलेजात अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि शेवटची काही वर्षे विद्यार्थी सहाय्य कक्षाचे काम पाहिले. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता, तोंडी परीक्षेत उत्तम आणि लेखी परीक्षेत सतत नापास. त्याला समोर बसवून मी पाठ्यपुस्तकातील रासायनिक समतोलाचे एक पान मोठ्याने वाचायला दिले. 'इक्विलिब्रियम' हा शब्द त्या पानावर आठ-नऊ वेळा आलेला होता. पहिल्यांदा तो 'इक्वि'पाशी थांबला, बोट शब्दाच्या शेवटाकडे नेले आणि शेवटची अक्षरे पाहून अंदाजाने शब्द पुरा केला. मला वाटले, आता हा शब्द त्याचा झाला. दुसऱ्या ओळीत तोच शब्द आला आणि तीच खटपट पहिल्यापासून सुरू झाली. तिसऱ्यांदाही आणि चौथ्यांदाही. आपल्या डोळ्यांना ओळखीचा झालेला शब्द पुढे एका नजरेत कळतो; त्याला तो दर वेळी नव्याने, तुकडे जोडत उभा करावा लागत होता. एका पानाला अकरा मिनिटे लागली, दोन ओळी गाळल्या गेल्या आणि पान संपले तेव्हा काय वाचले ते त्याला सांगता येईना. मग तेच पान मी त्याला वाचून दाखवले. त्याने पुस्तक मिटले आणि दाब वाढवला तर समतोल कोणत्या बाजूला सरकेल, हे कारणासह सांगितले. त्याला रसायनशास्त्र येत होते. आम्ही तीन सत्रे त्याच्या वाचनाच्या वेगाची परीक्षा घेत होतो आणि गुण मात्र रसायनशास्त्राचे म्हणून देत होतो. त्याआधी याच मुलाला मी "जरा मन लावून वाचलेस तर सगळे जमेल" असे दोनदा ऐकवले होते, ते आठवून मला आजही वाईट वाटते.

इतरांवर अन्याय होतो का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर याच प्रसंगात आहे. ज्या मुलाला प्रश्न वाचायलाच दुप्पट वेळ लागतो, त्याला तासाला वीस मिनिटे अधिक दिल्याने उत्तर फुकट मिळत नाही. उत्तर येत नसेल तर वाढीव वेळ तो नुसता बसून काढेल. प्रश्नपत्रिका तीच असते, तपासणीचा निकष तोच असतो आणि पदवीही तीच मिळते. तुमच्या मुलाला हे पटत नसेल तर त्याला दोष देऊ नका, कारण शाळेत असताना त्याच्या कानावर 'सवलतीचा पास' हा शब्द पडलेला असतो आणि तो शब्द मुले फार काळ मनात बाळगतात.

दहावीला बरा चाललेला मुलगा एकाएकी कसा घसरला, याचेही कारण समजून घेतले पाहिजे. मराठीत अक्षर आणि उच्चार यांची जोडी बहुतांशी पक्की आहे. डिसलेक्सिया असलेला मुलगा ऱ्हस्वदीर्घ चुकवतो, जोडाक्षरात आणि रफारात अडखळतो, पण सावकाश का होईना, शब्दापर्यंत पोहोचतो. इंग्रजीत तो आधार नाही. 'पुट' आणि 'बट'चा घोळ आपण सगळ्यांनीच शाळेत ऐकला आहे आणि पदवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात असे शेकडो अनोळखी, लांबलचक शब्द असतात. शिवाय शाळेत एक वर्गशिक्षक होते, त्यांना सगळे माहीत होते आणि घरी तुम्ही धडे वाचून दाखवत होतात. कॉलेजात सहा प्राध्यापक असतात, त्यांतील एकालाही काही ठाऊक नसते, आणि प्रात्यक्षिकांची जर्नल, असाइनमेंट, अंतर्गत चाचण्या या सगळ्यांच्या तारखा विद्यार्थ्याने स्वतः लक्षात ठेवायच्या असतात. डिसलेक्सियाला इंग्रजी आणि एडीएचडीला तारखा, अशा दोन्ही अडचणी त्याच्यापुढे एकाच जुलै महिन्यात उभ्या राहिल्या.

आता कार्यालयात मिळालेल्या उत्तराविषयी. ते उत्तर चुकीचे आहे. तो गैरसमज कुठून आला असावा तेही सांगते: महाराष्ट्रात अध्ययन अक्षम मुलांच्या सवलतींची सुरुवात शालेय परीक्षांपासून झाली, आणि १९९५ च्या अपंगविषयक कायद्यातील सात प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा उल्लेखच नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नोंदवले गेले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हा त्यांतील एक आहे. डिसलेक्सिया आणि डिसग्राफिया ही नावे तिथे स्पष्ट दिलेली आहेत. या कायद्याच्या कलम १७ मध्ये अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत योग्य बदल करण्यास सांगितले आहे, त्यात वाढीव वेळ आणि लेखनिक (विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणारी व्यक्ती) यांचा उल्लेख आहे, आणि हे केवळ शाळेपुरते आहे असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. पुढे २९ ऑगस्ट २०१८ रोजी केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि लेखनिक घेणाऱ्यास तासाला किमान २० मिनिटे, तर लेखनिक न घेणाऱ्यास तीन तासांच्या परीक्षेत किमान एक तास वाढवून द्यावा, असे ठरवले.

प्रमाणपत्रावरील टक्केवारीवरून पुष्कळ गोंधळ होतो. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्यास शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के आरक्षणाचा लाभ मिळतो. परीक्षेतील सोयींना मात्र हीच अट लावायची का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला प्रमाण ४० टक्क्यांहून कमी असल्याचे कारण देऊन लेखनिक नाकारण्यात आला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने ती भूमिका फेटाळली आणि गरजेनुसार सोय मिळणे हा दिव्यांग व्यक्तीचा हक्क असून तो ४० टक्क्यांच्या उंबरठ्यावर अडवता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी अशा उमेदवारांसाठी स्वतंत्र सूचनाही निघाल्या. २०१८ आणि २०२२ च्या या सूचनांची जागा २०२५ मध्ये नव्या सूचनांनी घेतली. तेव्हा कार्यालयात कोणी "तुमचे टक्के कमी आहेत" असे म्हटले, तरी गप्प बसून परतू नका.

एडीएचडीचे मात्र वेगळे आहे आणि ते तुम्हाला सरळ सांगितले पाहिजे. त्या २१ प्रकारांच्या यादीत एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. तुमच्या मुलाला दोन्ही असल्यामुळे (आणि दोन्ही एकत्र असणे मुळीच दुर्मिळ नाही) अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर त्याचे काम होईल. ज्यांना केवळ एडीएचडी आहे, त्यांची वाट यापेक्षा बिकट असते. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांचा सविस्तर अहवाल घेऊन प्राचार्यांशी बोलावे, कारण पुढच्या बाकावरची जागा, शांत खोलीत चाचणी, मोठ्या असाइनमेंटचे टप्पे पाडून देणे या गोष्टी कॉलेज स्वतःच्या अधिकारात करू शकते. शासनाने ही उणीव लवकर भरून काढावी असे मला मनापासून वाटते. प्रमाणपत्र नाही म्हणून मदतीविना पदवी सोडून गेलेली हुशार मुले मी पाहिली आहेत.

तुमच्याकडचे प्रमाणपत्र त्याच्या चौदाव्या वर्षाच्या आसपासचे दिसते आणि इथे तातडीने लक्ष घालायला हवे. केंद्राने घालून दिलेल्या पद्धतीनुसार हे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून देता येते, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते आणि अठराव्या वर्षी दिलेले प्रमाणपत्र कायमचे धरले जाते. तुमचा मुलगा आता अठरा पूर्ण आहे, म्हणजे नवे प्रमाणपत्र हीच पहिली पायरी. त्यासाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज भरावा, तपासणी कोणत्या रुग्णालयात होते ते जिल्हा रुग्णालयात विचारावे, आणि आठवीतला मूळ अहवाल, बोर्डाची सवलतीची पत्रे, बारावीची गुणपत्रिका असे सगळे बरोबर न्यावे. तपासणी एका दिवसात आटोपत नाही, तारखा पुढच्या मिळतात. म्हणून परीक्षेचा अर्ज भरण्याची वेळ येईपर्यंत थांबू नका.

कॉलेजातील अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच प्राचार्यांच्या नावे द्यावा, त्याची एक प्रत परीक्षा विभागाला द्यावी आणि दोन्हींवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. विद्यापीठाची मंजुरी कॉलेजमार्फत येते, तिला वेळ लागतो, आणि हॉल तिकीट हातात आल्यावर धावाधाव करून ती मिळत नाही. अर्जात केवळ 'सवलत मिळावी' असे लिहून भागत नाही; वाढीव वेळ, शांत जागा, अंतर्गत चाचण्यांनाही हेच नियम, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत लेखी भागासाठी जादा वेळ, असे एकेक मागावे. अंतर्गत चाचण्यांचा मुद्दा बहुतेक जण विसरतात आणि तिथेच गुण जातात.

लेखनिक घ्यावा की केवळ वेळ घ्यावा, याचा निर्णय घरी बसून करू नका. लेखनिकाला उत्तर सांगणे हे वेगळे कौशल्य आहे. 'एच टू एस ओ फोर' एवढे म्हणून भागत नाही, कोणता आकडा खाली येतो, बाण एकतर्फी की दुतर्फी, पुढचे वाक्य नव्या परिच्छेदात की त्याच, हे सगळे बोलून सांगावे लागते, आणि सांगता सांगता मूळ उत्तराचा धागा सुटू द्यायचा नसतो. २०१८ च्या सूचनांनुसार उमेदवाराने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला असावा लागत असे; म्हणजे वनस्पतिशास्त्राची लॅटिन नावे लेखनिकाने पूर्वी ऐकलेलीच नसण्याची शक्यता असे. त्यामुळे एका अंतर्गत चाचणीत केवळ वाढीव वेळ घेऊन पाहावे, दुसरीत लेखनिक घेऊन पाहावे, आणि मग त्यानेच ठरवावे. लेखनिकाचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून चालू परिपत्रक परीक्षा विभागातून मागून घ्यावे.

परंतु ताई, इतके सगळे लिहूनही मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते वेगळेच आहे. वाढीव वेळ हा सत्राच्या शेवटच्या आठ-दहा दिवसांचा विषय आहे. मुलगा बुडतो तो त्याआधीच्या पंधरा आठवड्यांत. ज्याचा अभ्यासच झालेला नाही, त्याला चार तास दिले काय आणि सहा दिले काय. आपल्याकडे 'सवलत' म्हटले की परीक्षेचाच विचार होतो आणि रोजच्या शिकण्यातील आधाराचा विषयच निघत नाही.

त्याच्यासाठी पहिला बदल हा की पुस्तक आधी ऐकायचे आणि मग वाचायचे. फोनमध्ये छापील पानाचा फोटो काढून मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय असते. ती वापरून धडा एकदा नुसता ऐकावा, दुसऱ्यांदा ऐकताना डोळे ओळीवर ठेवावेत. आधी ऐकलेला शब्द पानावर भेटला की त्याची खटपट कमी होते. २०१६ मध्ये सुरू झालेले 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय छापील मजकूर वाचण्यात अडचण असलेल्या वाचकांसाठीच आहे, त्याचे सदस्यत्व घ्यावे. तिथे अभ्यासाचे पुस्तक नसेल तर ते स्कॅन करून ऐकण्यायोग्य करणे गैर नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग वाचकासाठी तशी मुभा दिली आहे. प्राध्यापकांची परवानगी घेऊन तास रेकॉर्ड करावा. उजळणी करताना पुन्हा पुन्हा वाचत बसण्याऐवजी पुस्तक मिटून उत्तर मोठ्याने सांगावे, स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करावे आणि सुटलेले मुद्दे पुस्तकात पाहून भरावेत. परीक्षेसाठी ही सवय वाचनापेक्षा अधिक कामी येते, कोणत्याही मुलासाठी.

एडीएचडीसाठी जे करायचे ते सगळे डोळ्यांसमोर दिसले पाहिजे. कक्षात आलेल्या एका मुलीने मला तिची जर्नल दाखवली होती: आठ प्रयोगांची शीर्षके रंगीत पेनने सुंदर लिहिलेली, उद्दिष्टाच्या दोन ओळी लिहिलेल्या आणि त्यापुढे सगळी पाने कोरी. प्रत्येक प्रयोग तिने उत्साहाने सुरू केला होता आणि "उरलेले रविवारी" असे म्हणून ठेवला होता. या मुलांना आजचे काम दिसते आणि 'नंतर'चे दिसत नाही. पंधरा दिवसांनी येणारी तारीख त्यांच्या मनात वजनच धरत नाही. म्हणून सत्राचे पंधरा आठवडे एका मोठ्या कागदावर आखून तो भिंतीवर लावावा, त्यावर प्रत्येक सबमिशनची तारीख आणि तिच्या अलीकडे दोन टप्पे लिहावेत, आणि प्रयोगाची जर्नल त्याच दिवशी, प्रयोगशाळेतून घरी जाण्यापूर्वी, कॉलेजच्या वाचनालयात बसून पुरी करावी. त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले होते की रोज चार वाजता कक्षात येऊन बस, मी माझे पेपर तपासते, तू तुझी जर्नल लिही. कोणी शेजारी बसून आपले काम करत असले की या मुलांचे काम पुढे सरकते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तुमच्या मुलासाठी असा एक मित्र किंवा एक प्राध्यापक शोधावा, आठवड्यातून वीस मिनिटे भेटून 'काय झाले, काय राहिले' एवढेच पाहणारा.

औषधाविषयी तुम्ही लिहिले नाही. वय वाढले की एडीएचडी आपोआप जातो, असा समज आहे. प्रत्यक्षात चुळबुळ कमी होते, पण विसराळूपणा आणि वेळेचे भान सुटणे अनेकांच्या बाबतीत मोठेपणीही टिकते. आठवीनंतर त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले नसेल तर एकदा न्यावे. औषध द्यायचे की नाही हे त्यांनी आणि मुलाने ठरवावे. शेजारपाजारच्या अनुभवावरून ठरवू नये.

आता तुमच्यासाठी थोडे कठीण काम. आजवर ही फाईल तुम्ही सांभाळलीत, रुग्णालयात रांगा लावल्यात, मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर थांबलात. त्याशिवाय तो इथवर आला नसता. पण मुलगा आता कायद्याने सज्ञान आहे आणि कॉलेजात आईने सांगितलेले निवेदन आणि विद्यार्थ्याने स्वतः सांगितलेली गरज यांत फार फरक पडतो. शिवाय ज्याच्या नावाने सवलत मागितली जाते, त्याने ती कधी स्वतः मागितलेलीच नसली, तर त्याला तिची लाज वाटत राहते. म्हणून आधी त्याला स्वतःचा अहवाल वाचून दाखवा. बहुतेक मुलांनी तो कधी पाहिलेलाच नसतो. आपली बुद्धी उत्तम असल्याचे त्यात लिहिले आहे, हे त्यांना अठराव्या वर्षी प्रथम कळते.

मग प्राध्यापकांशी काय बोलायचे ते त्याने घरी, आरशासमोर किंवा तुमच्यासमोर, दोन-चार वेळा म्हणून पाहावे. भाषण नको. "सर, मला डिसलेक्सिया आहे, त्यामुळे मी वाचतो सावकाश, पण ऐकलेले मला नीट कळते. वर्गात मोठ्याने वाचायला सांगितले तर माझी फार अडचण होते, तोंडी प्रश्न विचारलेत तर मी उत्तर देईन. तासाच्या आधी नोट्स मिळाल्या तर मी ऐकून येईन." एवढे पुरते. वर्गाबाहेर, स्टाफरूममध्ये गर्दी नसताना बोलावे आणि सुरुवात ज्या प्राध्यापकांविषयी त्याला विश्वास वाटतो त्यांच्यापासून करावी. ज्या तासाला त्याची हेटाळणी झाली, तिथे एकट्याने जाण्याची सक्ती करू नका. त्याच्या विश्वासातले प्राध्यापक त्याच्या बरोबर जातील किंवा त्या तासाच्या प्राध्यापकांशी आधी बोलून ठेवतील. वर्ग हसला याचे दुःख त्याला वाटते ते रास्तच आहे, आणि त्याला उभे करण्यापूर्वी विचार व्हायला हवा होता.

मित्रांना कळेल का? वेगळ्या खोलीत पेपर लिहिला तर कोणाच्या तरी लक्षात येईल, हे लपवून उपयोग नाही. प्रमाणपत्र आणि निदान मात्र कार्यालयाने जाहीर फलकावर लावायचे नसते. तसे होऊ नये म्हणून अर्जातच गोपनीयतेची विनंती लिहावी. मित्रांना काय सांगायचे तेही त्याने आधीच ठरवून ठेवले तर प्रश्न आल्यावर तो गोंधळणार नाही.

शाखा बदलण्याचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याचे उत्तर आज देऊ नये असे माझे मत आहे. वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात त्याचे कौतुक झाले आणि सुटीत तो रोपवाटिकेत रमतो, असे तुम्ही लिहिले आहे. आधाराशिवाय काढलेल्या एका सत्राच्या निकालावरून त्याचे विज्ञानाशी जमत नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे चष्म्याशिवाय फळा वाचायला लावून मुलाला ढ ठरवण्यासारखे आहे. एक पूर्ण सत्र सोयी मिळवून, ऐकून, आखून अभ्यास करू द्या. राहिलेले तीनही विषय एकाच परीक्षेत सोडवण्याचा हट्ट धरू नका. विद्यापीठाच्या नियमात बसत असेल तर यंदा दोन आणि पुढे एक, असे वाटून घ्यावेत. त्यानंतरही त्याला स्वतःला कृषी किंवा उद्यानविद्येकडे जावेसे वाटले तर आनंदाने पाठवावे, पण ते आवड म्हणून. पळवाट म्हणून नव्हे.

कॉलेजने लेखी अर्जाला उत्तरच दिले नाही तर प्रथम समान संधी कक्ष किंवा तक्रार निवारण अधिकारी कोण आहेत ते विचारावे, मग विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे जावे, आणि तिथेही दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते; त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. तिथपर्यंत क्वचितच जावे लागते. पोच घेतलेला अर्ज आणि कायद्याचे कलम समोर ठेवले की बहुतेक कार्यालये कामाला लागतात, कारण त्यांचा नकार अनेकदा केवळ माहिती नसल्यामुळे आलेला असतो.

तुमच्या मुलाला मला काही विचारायचे असेल तर त्याने पत्र लिहिण्याचे कष्ट घेऊ नयेत. बोलून, रेकॉर्ड करून पाठवावे. मी ऐकेन आणि उत्तरही बोलूनच देईन.